विचारा तर खरं : उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह आणि दातात धरलेली दोरी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले धाडसी लोक आणि त्यांची यंत्रं, या विषयावर या वेळी प्रश्न मागवले होते. निम्म्या पत्रांत इंग्रज अभियंता ब्रुनेल. इसम्बार्ड ब्रुनेल थोर होता यात वाद नाही, पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या महिन्यात त्याला सुट्टी. मी उभं आयुष्य यंत्रशाळेत पोरांना फिटिंग शिकवलं. त्यामुळे यंत्र कागदावर काढणाऱ्यापेक्षा ते पहिल्यांदा अंगावर चढवणाऱ्या माणसाबद्दल मला जास्त कुतूहल वाटतं. पत्रांची निवडही त्याच हिशेबाने केली आहे.

सर, आम्हाला एकोणिसाव्या शतकातल्या एका धाडसी व्यक्तीवर पाच मिनिटं बोलायचं आहे. सगळ्या मुलींनी प्रसिद्ध नावं आधीच पटकावली. वर्गात कुणी ऐकलं नसेल असं एक नाव द्याल का?
— इयत्ता नववीतली वाचक

अलेक्झांडर लँबर्ट. धंद्याने पाणबुड्या. लिहून घे.

इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीचं रुंद मुख आहे. रेल्वेला त्याला मोठा वळसा घालून जावं लागे. म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८७३ मध्ये नदीच्या तळाखालून बोगदा खणायला घेतला. दोन्ही बाजूंनी अरुंद वाटा खणत आणल्या होत्या आणि त्या एकमेकींना मिळायला जेमतेम १३० यार्ड उरले होते. अशात १८ ऑक्टोबर १८७९ रोजी वेल्सच्या बाजूला पाणी फुटलं. नदी डोक्यावर असताना पाणी मात्र नदीचं नव्हतं! खडकाच्या पोटात गोड्या पाण्याचा एक प्रचंड झरा होता, त्याला यांनी भोक पाडलं होतं. चोवीस तासांत सहा वर्षांचं काम बुडालं.

कामगार जीव घेऊन पळाले. पळताना नदीखालच्या वाटेतला एक लोखंडी दरवाजा उघडाच राहिला. तो लागल्याशिवाय पंप कितीही चालवा, पाणी हटेना. आणि दरवाजा होता, कामगार ज्यातून खाली उतरत त्या उभ्या विहिरीच्या तळापासून हजार फूट आत. वाटेत उलटलेल्या ढकलगाड्या, हत्यारं, लाकडं, दगड यांचा खच, आणि ठार अंधार.

लँबर्ट पहिल्यांदा गेला तो त्या काळच्या नेहमीच्या पोशाखात. डोक्यावर तांब्याचा टोप आणि मागे वरच्या पंपाला जोडलेली हवेची लांबलचक नळी. नळी पुढे सरकवायला वाटेत आणखी पाणबुडे उभे केले होते. पण हवेने भरलेली नळी पाण्यात तरंगते. ती वर जाऊन छताला घासायला लागली आणि जितका आत जावा तितकी जड होत गेली. दरवाजा शंभर फुटांवर राहिला आणि लँबर्टला ती ओढवेना. तो परत फिरला. परत येताना तीच नळी गोळा करत, तिचे पीळ सोडवत यावं लागतं, हे भाषणात जरूर सांग. आत जाण्यापेक्षा बाहेर येणं कठीण होतं.

मग बोगद्याचा ठेकेदार थॉमस वॉकर याला हेन्री फ्लूस नावाच्या तरुणाचा पत्ता लागला. फ्लूस आधी व्यापारी जहाजावर नोकरीला होता. त्याने नळीशिवाय पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र बनवलं होतं. पाठीवर दाबाखाली भरलेला ऑक्सिजन, एक रबरी पिशवी, आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोरखंडाचे पिंजलेले धागे. तीच हवा पुन्हा पुन्हा घ्यायची. कल्पना अगदी खणखणीत. पण त्या वाटेने थोडं आत जाऊन फ्लूस स्वतः माघारी आला. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. तो यंत्र करणारा होता, बोगद्यात काम करणारा पाणबुड्या नव्हता.

लँबर्टने ते यंत्र मागून घेतलं. दुसऱ्याने बनवलेलं, जवळपास नवंकोरं, आणि बनवणारा नुकताच त्याच वाटेवरून मागे फिरलेला! शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली शरीराला विषासारखा बाधतो आणि झटके येऊ शकतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवलं होतं. पाणबुड्यांच्या धंद्यापर्यंत ते पोचायला मात्र बराच काळ जायचा होता.

नोव्हेंबर १८८० मध्ये लँबर्ट दोनदा आत गेला. दरवाजातून मालगाड्यांचे रूळ गेले होते, म्हणून तो लागत नव्हता. पहिल्या खेपेला त्याने पहारीने एक रूळ उखडला आणि परतला. १० नोव्हेंबरच्या खेपेला दुसरा रूळ काढला, दरवाजा ओढून लावला आणि सांगितल्याप्रमाणे शेजारचा एक व्हॉल्व्हही चाचपडत शोधून घट्ट फिरवला. सगळं मिळून एक तास वीस मिनिटं.

पाणी उपसून माणसं आत पोचली तेव्हा कळलं की त्या व्हॉल्व्हला उलटे आटे होते. बंद करतोय असं समजून लँबर्टने तो उघडून ठेवला होता. सुदैवाने पंपांनी तेवढं पाणी निभावून नेलं. यात लँबर्टची चूक काढणारे लोक मला भेटले आहेत. अंधारात, पाण्यात कुठलाही फिटर उजवीकडेच फिरवेल. उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह बसवला आणि आत जाणाऱ्याला सांगितलं नाही, चूक त्याची.

पुढे १८८३ मध्ये झरा पुन्हा फुटला, तेव्हाही लँबर्टलाच बोलवावं लागलं. १८८६ मध्ये बोगदा सुरू झाला. लांबी सात किलोमीटर. त्या झऱ्याचं पाणी आजही रात्रंदिवस उपसलं जातं. पाच मिनिटांच्या भाषणाला एवढं पुरे. सुरुवात व्हॉल्व्हपासून केलीस तर वर्ग गप्प बसून ऐकेल.

जळवांवर चालणारं वादळसूचक यंत्र खरोखर होतं, की ही कुणीतरी उठवलेली आवई?
— एक निवृत्त शिक्षिका

होतं, बाई. व्हिटबी या समुद्रकाठच्या गावातले डॉक्टर जॉर्ज मेरीवेदर यांनी ते केलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं. गोलाकार मांडलेल्या बारा बाटल्या, प्रत्येकीत थोडं पावसाचं पाणी आणि एक जळू. वादळ यायचं असलं की जळवा अस्वस्थ होऊन वर चढतात, असं डॉक्टरांचं निरीक्षण. वर चढलेली जळू बाटलीच्या तोंडाशी बसवलेला देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीचा तुकडा हलवी आणि त्याला जोडलेली घंटी वाजे. जितक्या जास्त जळवा घंटी वाजवतील तितकं वादळ पक्कं. बाटल्या गोल का मांडल्या, तर जळवांना एकमेकी दिसाव्यात आणि एकटं वाटू नये म्हणून. सरकारने किनाऱ्यावर जागोजागी ही यंत्रं बसवावीत अशी डॉक्टरांची इच्छा होती. सरकारने बसवली नाहीत.

दोन इंग्रज १८६२ मध्ये बलूनमधून एव्हरेस्टपेक्षा उंच गेले, तेही ऑक्सिजनशिवाय, असं वाचलं. मी स्वतः गिर्यारोहण करतो. मला ही शुद्ध थाप वाटते.
— एक गिर्यारोहक

आकडा वादातला आहे, थाप नाही.

५ सप्टेंबर १८६२, दुपारी एकच्या सुमारास, वुल्व्हरहॅम्प्टनच्या गॅस कारखान्यातून बलून सुटलं. आत दगडी कोळशाचा गॅस. टोपलीत दोन माणसं. जेम्स ग्लेशर हे ग्रिनिचच्या वेधशाळेतले हवामानशास्त्रज्ञ, वय ५३. आणि हेन्री कॉक्सवेल, पेशाने बलून चालवणारा. उंचावरची हवा, तापमान, ओलावा मोजायचं काम ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने ग्लेशरना दिलं होतं. सोबत उपकरणांची फळी आणि सहा कबुतरं.

पहिलं कबूतर तीन मैलांवर सोडलं, ते पंख पसरून कागदाच्या कपट्यासारखं खाली गेलं. चार मैलांवरचं दुसरं नेटाने उडालं. त्याच्याही वर सोडलेलं तिसरं दगडासारखं कोसळलं. ग्लेशरनी हे सगळं शांतपणे टिपून ठेवलं आहे. पाच मैलांवर त्यांना पाऱ्याची रेघ दिसेनाशी झाली. एक हात टेबलावर ठेवला, तो उचलेना. दुसराही उचलेना. मान एका बाजूला कलंडली. कॉक्सवेल दिसत होता, पण बोलायला तोंड उघडेना. मग डोळ्यांपुढे काळोख, आणि शुद्ध गेली.

कॉक्सवेल काय करत होता? वर जाताना बलून सारखं गरगरत होतं, त्यामुळे गॅस सोडायच्या झडपेची दोरी गुंतून बसली होती. ती सुटली नाही तर बलून चढतच राहणार. तो टोपलीतून वरच्या गोल कड्यावर चढला. कड्यावर हिमाचा थर. हातमोजे नव्हते. दोरी सोडवली, पण हात काळे पडून निकामी झाले. कोपरांवर भार टाकत तो कसाबसा टोपलीत घसरला. आता दोरी समोर आणि ओढायला हात नाहीत. त्याने ती दातात धरली आणि मान दोनतीनदा खाली झटकली. झडप उघडली.

ग्लेशर सातेक मिनिटांनी शुद्धीवर आले, पेन्सिल शोधली आणि पुढचं निरीक्षण लिहायला बसले. लिहायला बसण्याआधी त्यांनी कॉक्सवेलच्या हातांवर ब्रँडी ओतली. उतरले ते लडलोच्या जवळ, अशा आडजागी की सात-आठ मैल चालत जावं लागलं.

आता तुमच्या शंकेकडे. ग्लेशरनी वाचलेली शेवटची उंची २९,००० फूट, म्हणजे जवळजवळ एव्हरेस्टचा माथा. पुढचं कुणी मोजलेलं नाही. चढण्याचा शेवटचा वेग, उतरण्याचा पहिला वेग आणि मधला वेळ यांवरून त्यांनी ३७,००० फूट असा हिशेब केला. शुद्ध हरपत असलेल्या माणसाची शेवटची वाचनं धरून पुढे गणित मांडलंय, त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना हा आकडा फुगलेला वाटतो, आणि मलाही तसंच वाटतं. पण बलून त्या जागी थांबलं नव्हतं, चढतच होतं, एवढं नक्की. तुम्ही आठवडेच्या आठवडे हवेला सरावत चढता. हे दोघे तासाभरात तिथे पोचले. १८७५ मध्ये फ्रान्सच्या झेनिथ बलूनमधून तिघे गेले, सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, तरी त्यांतले दोघे मेले. ग्लेशर मात्र नव्वदी ओलांडून १९०३ मध्ये गेले.

या प्रसंगाचं श्रेय बहुतेक ठिकाणी ग्लेशरना दिलेलं आढळतं, कारण नोंदी त्यांच्या. मी असतो तर दोघांचा क्रम उलटा लिहिला असता.

तुमच्या सदरात बायका फक्त राणी म्हणून येतात. यंत्र आणि धाडस दोन्ही असलेली एक तरी बाई सांगा.
— एक नाराज वाचक

राणीही या वेळी विषयाच्या नावापुरतीच आहे! पण मुद्दा रास्त. रोझा माटिल्डा रिक्टर ऐका. तिचं रंगमंचावरचं नाव झाझेल.

२ एप्रिल १८७७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या रॉयल ॲक्वेरियममध्ये ही पोरगी तोफेच्या नळीत उतरली. मोठा बार, धूर, आणि ती लोकांच्या डोक्यांवरून उडून जाळ्यात पडली. वय? तिशीच्या बाईंचं धाडस वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. ती मिसरूड फुटायच्या वयातल्या पोरांएवढी होती.

तोफेत दारू फक्त आवाजासाठी. ढकलण्याचं काम आत दडवलेल्या स्प्रिंगा करत. ही युक्ती विल्यम हंट ऊर्फ फरिनी या माणसाची. माणसं हवेत फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याने १८७१ मध्येच घेतलं होतं. त्याने स्वतः १८६० मध्ये नायगाऱ्यावर दोरीवरून चालून दाखवलं होतं, तेव्हा त्याला धाडस नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण तोफेत तो शिरला नाही.

यंत्राच्या अंगाने पाहिलं तर कठीण काम मुलीचं होतं. स्प्रिंग सुटते तेव्हा सगळा धक्का तळव्यांतून वर येतो. त्या क्षणी अंग काठीसारखं ताठ हवं, गुडघे जरा सैल पडले की पाय गेलेच. आणि हवेत गेल्यावर लगेच तेच अंग वळवून पाठीवर पडायचं. वेळ, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. स्प्रिंगेचा ताण फरिनी मोजू शकत होता, हे दुसरं त्याच्या हातात नव्हतं.

वर्तमानपत्रांत ओरड झाली, पार्लमेंटात चर्चा झाली, आणि १८७९ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना जिवावर बेतणारे खेळ करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा आला. झाझेलला पुढे अमेरिकेत दोरीवरून पडून पाठीला गंभीर इजा झाली आणि तिचा खेळ संपला. तोफेने तिला कधी दगा दिल्याचं मी वाचलेलं नाही.

सगळे यशस्वी शोध सांगता. पार फसलेला, पण तुम्हाला आवडणारा शोध कोणता?
— एक अभियंता

बेसेमरचं डुलणारं दालन. हो, तोच हेन्री बेसेमर, ज्याच्या पद्धतीने १८५६ पासून पोलाद स्वस्त होत गेलं आणि रूळ, पूल, जहाजं सगळंच पालटलं. या बड्या माणसाला बोट लागायची. एकदा इंग्लिश खाडी ओलांडताना इतकी लागली की त्याने ठरवलं, समुद्र थांबत नसेल तर निदान खोली थांबवू.

त्याने जहाजाच्या आत सुमारे ७० फूट लांबीचं एक दालन आडव्या आसावर टांगलं. कोरीव लाकूडकाम, सोनेरी वर्ख, भिंतींवर चित्रं, राजवाडाच. जहाज कलंडलं तरी दालन सपाट राहावं, ही कल्पना. नुसतं टांगून ते लंबकासारखं झुलणार हे बेसेमरला ठाऊक होतं, म्हणून त्याला आवरायला हायड्रॉलिक यंत्रणा दिली. आणि ती कोण चालवणार? एक माणूस. समोर स्पिरिट लेव्हल, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, हातात दांडा. बुडबुडा सरकला की दांडा फिरवायचा.

इथेच घोडं पेंड खातं. बुडबुडा सरकल्याचं दिसणार, मग हात हलणार, मग पाणी नळ्यांतून जाणार, मग ते अवजड दालन हलणार. तोवर लाट दुसरीच. ज्याने लेथवर काम केलंय त्याला सांगायला नको की उशिरा आलेली दुरुस्ती दुरुस्तीच नसते. बेसेमरने घरी नमुना करून पाहिला होता, तो छान चालला. घरचा हलणारा नमुना ठरावीक तालात हलतो, समुद्राला असा ताल नसतो.

तरीही बेत बुडवला तो दालनाने नव्हे, जहाजानेच. एप्रिल १८७५ च्या चाचणीत ते फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळलं. ८ मे रोजी पाहुणे घेऊन पुन्हा गेले, त्या दिवशी दालन जागच्या जागी जखडून ठेवलं होतं. मंद वेगात जहाज सुकाणूला दाद देईना आणि त्याने त्याच बंदरातला धक्का पुन्हा पाडला. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते दालन प्रवाशांनी भरून, भर समुद्रात, एकदाही झुललं नाही. कंपनी बुडाली. दालन काढून जहाजाचा रचनाकार एडवर्ड रीड याच्या स्वॅन्लीजवळच्या घराला जोडलं. पुढे तिथे बागायतीचं कॉलेज आलं, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ते दालन गेलं.

मला हा शोध का आवडतो? ज्याला त्रास होत होता त्यानेच पैसे घातले आणि स्वतःच हात पोळून घेतले. दुसऱ्या कुणाच्या जिवावर प्रयोग केला नाही. फार तर कॅलेच्या धक्क्याच्या.

मोटारीपुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालायचा, हे खरं का? मुलगा विश्वास ठेवत नाही.
— एक बाबा

बाप-लेक दोघांनाही निम्मे गुण. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावर चालणाऱ्या इंजिनांना गावात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैल अशी मर्यादा घातली आणि साठ यार्ड पुढे लाल झेंडेवाला सक्तीचा केला. पण तेव्हा पेट्रोलच्या मोटारी नव्हत्याच. हा कायदा रस्त्यावरच्या वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होता. १८७८ मध्ये झेंड्याची सरसकट सक्ती गेली आणि अंतर वीस यार्डांवर आलं, माणूस मात्र राहिला. मोटारी आल्या तेव्हा त्यांनाही हाच कायदा लागू झाला.

जानेवारी १८९६ मध्ये केंटमधल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ पुढे माणूस न ठेवता ताशी ८ मैलांनी मोटार हाकत गेले. हवालदार जेवत होता. तो सायकलवर बसला आणि पाच मैल पाठलाग करून त्याने त्यांना गाठलं. वेगासाठी दंड झाला एक शिलिंग, बाकी गुन्ह्यांचा आणि कोर्टखर्चाचा हिशेब वेगळा. अर्नोल्ड स्वतः मोटारी विकायचे, त्यामुळे एवढ्या पैशांत झालेली जाहिरात त्यांना महाग पडली नसावी. त्याच वर्षी कायदा बदलला आणि मर्यादा १४ मैलांवर गेली.